घरीच तर असतेस

महू
६ मे २०२५

चि. संबोधीस,

महूहून मंजुळाआत्याचा सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुला फोन लावून लावून माझं बोट झिजलं, म्हणून पोस्टात जाऊन अंतर्देशीय मागितलं. खिडकीतल्या बाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग कपाटात. सोमवारी मी तुला साडेअकराला फोन लावला, बाराला लावला, दोनला लावला. दर वेळी तीच एक बाई सांगते की आप जिससे संपर्क करना चाहते हैं वो अभी व्यस्त हैं. मला तिच्याशी काय करायचंय? मला माझ्या भाचीशी बोलायचं होतं. आता तू म्हणतेस की पाचनंतर फोन करत जा. अगं, मी तुझी सख्खी आत्या आहे, आधी नंबर लावून मग आत येणारी पेशंट नाही. तू घड्याळ दाखवणार असशील तर मी पत्रच लिहीन. बघू तरी पोस्टमनला किती वाजता दार उघडतेस.

आता मुद्द्याचं. परवा रविवारी पंचशील आणि धम्मदीना देवांशला घेऊन आले होते. त्याचं पाळणाघर या महिन्याअखेर बंद होतंय, चालवणाऱ्या बाई मुलाकडे पुण्याला चालल्या. नर्सरीला अजून एक वर्ष आहे. धम्मदीनेची बँक, तुझ्या भावाची पीथमपूरची फॅक्टरी, दोघांची तोंडं सकाळी आठला दोन दिशांना. मग एक तारखेपासून देवांश दिवसभर तुझ्याकडे राहील असं त्यांनी ठरवलं, त्यात वावगं काय होतं? त्यांचं राजेंद्रनगर ते तुझं तुकोगंज, स्कूटरवर सोडून द्यायचा. तू घरीच तर असतेस. म्हणे तू दोन शब्दांत नाही म्हणालीस आणि फोन ठेवलास. धम्मदीनेच्या डोळ्यांत पाणी आलं सांगताना. तीन वर्षांचं लेकरू ते, वरण-भात खाऊन झोपतं. एक सख्खी आत्या एवढं करू शकत नाही? मी तुमच्यासाठी काय केलं ते मी बोलणार नाही, तुम्हाला आठवत असेल तर ठीक.

बाकी इकडे ठीक. तुझे बाबा तब्येतीने उत्तम. सकाळी फिरून येतात, पेपर टेंडरच्या नोटिसांसकट वाचतात, मग पेन्शनरांच्या बाकावर जाऊन देश चालवतात आणि साडेबाराला जेवायला येतात. बाजारातल्या प्रतापराव टेलरने तीन डझन वर्दीचे शर्ट आणून टाकलेत दंडावरच्या फिती लावायला, पंधरा दिवसांत परेड आहे म्हणतो. तेव्हा हे पत्र मशीनच्या फळीवर लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

राग आला तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझी आत्या,
मंजुळा

*

इंदूर
११ मे २०२५

ती. मंजुळाआत्यास,

संबोधीचा सविनय जयभीम. उद्याच्या बुद्धपौर्णिमेच्या तुला आणि बाबांना मंगल कामना. वि. वि.

तुझं पत्र आलं, पोस्टमन सव्वापाचला आला, त्यामुळे त्याला दारात उभं राहावं लागलं नाही. खरं सांगू? फोनपेक्षा मला तुझं पत्र आवडलं. पत्र वाजत नाही. हातातलं काम संपेपर्यंत ते गप्प पडून राहतं, एवढी शिस्त आपल्या घराण्यात दुसऱ्या कुणाला नाही.

आत्या, मी देवांशला नाही म्हटलं, ते तुला कुणी कसंही सांगितलं असलं तरी खरं आहे, आणि मी ते पुन्हा म्हणते. नाही. रविवारी त्याला माझ्याकडे आणा, मी त्याला प्राणिसंग्रहालयात नेईन, पोहे-जलेबी खाऊ घालीन, अंगावर घेऊन झोपवीन. पण सोमवार ते शनिवार दहा ते पाच मी कामावर असते. घरात असते आणि कामावर असते, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे इंदूरमध्ये कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

मी घरी आहे म्हणून या बिल्डिंगने माझं काय केलंय ते ऐक. चार मजल्यांची पार्सलं माझ्या दारात येतात. तिघांच्या किल्ल्या माझ्याकडे. समोरच्या मनोरमाकाकूंचा गॅस सिलेंडर मी उतरवून घ्यायचा, कारण त्यांची भजनं असतात. मी एकदा म्हटलं की काकू, मी काम करतेय, तर म्हणाल्या अरे बेटा, कंप्यूटर पे ही तो बैठी है, कौन सा पहाड़ तोड़ रही है. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं हे. त्यात पंचशीलने मला विचारलंही नाही. मला सांगितलं.

आणि मी काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही, तेव्हा आता सांगते. इथल्या दवाखान्यात डॉ. अरुंधती एमआरआय, एक्स-रे बघतात आणि काय दिसलं ते रेकॉर्ड करतात. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं, मी ते कानाला लावून शब्द न् शब्द टाइप करते, आणि तो कागद घेऊन माणूस सर्जनकडे जातो. फेब्रुवारीत सिमरोलच्या एका कबड्डी खेळणाऱ्या मुलीचा रिपोर्ट होता. डाव्या गुडघ्यातला लिगामेंट फाटलेला. मी शेवटच्या ओळीत उजवा लिहिला. नुसता एक शब्द, आत्या. कारण एका कानात डॉक्टर होत्या आणि दुसऱ्या कानात मी कुणाचा तरी फोन धरला होता. बरं, तंत्रज्ञाने फिल्मशी ताडून बघितलं आणि तो कागद बाहेर जायच्या आधी धरला. तो धरला नसता तर त्या मुलीचं काय झालं असतं, हा विचार करून मी दोन दिवस जेवले नाही.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या की एकदा होतं, दुसऱ्यांदा झालं तर मी दुसरी टायपिस्ट बघेन. आणि जूनअखेरपर्यंत तुझे सगळे कागद मी स्वतः तपासणार, असंही म्हणाल्या. हे काम गेलं तर तुकोगंजातला एकही डॉक्टर मला दारात उभं करणार नाही, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून दार बंद, फोन बंद, दहा ते पाच. मनोरमाकाकूंना किल्ली परत केली, त्या बोलत नाहीत. पार्सलवाल्यांना पाटी लावली. आता तूही रुसलीस तर रुस, पण हे बदलणार नाही.

तुझे डोळे कसे आहेत? बाबांना सांग, देश जरा हळू चालवा.

भांडलीस तरी माझीच राहा, इतकंच मागणं.

तुझी,
संबोधी

*

महू
१६ मे २०२५

चि. संबोधीस,

सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

पत्र पोहोचलं. त्या कबड्डीवाल्या मुलीचं दोनदा वाचलं. तुझं काम एवढं जोखमीचं आहे हे मला ठाऊक नव्हतं, तू आजवर नुसतं टायपिंग म्हणायचीस. ज्या शहाण्या बाईने ऐन कामाच्या वेळी तुला फोन करून गप्पा छाटल्या, तिचं नाव मला कळव. मी तिला असं काही सुनावते की पुन्हा फोन हातात धरणार नाही. ती मनोरमाच असेल. भजनं म्हणणाऱ्या बायकांना वेळेचं भान नसतं.

पण बाई, पार्सल वेगळं आणि पोर वेगळं. तू दोन्ही एकाच पाटीवर लिहितेस. पंचशील तुला टायफॉइड झाला तेव्हा फॅक्टरीतली पाळी बुडवून सात दिवस तुझ्या उशाशी बसला होता, आठवतं? आता त्याला गरज आहे तर तू त्याला पाटी दाखवतेस. देवांशला एका कोपऱ्यात खेळणी मांडून दे. मधूनमधून बघायचं, दुपारी झोपवायचं. बायका हे करत आल्या. मी तुला आणि पंचशीलला मशीनच्या पायाशी बसवून शिवलं की नाही? तुझी आई, बिचारी होती तोवर, नोकरीवर जायची, तुम्ही दोघं माझ्याकडे. तू रिकाम्या रिळांचे मनोरे रचायचीस आणि पंचशील ते पाडायचा. कुणाचं काही बिघडलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुम्ही दोघं समोर आहात धडधाकट.

धम्मदीनेने काल फोनवर विचारलं की ताई माझ्यावर रागावल्यात का. काय सांगू मी तिला? चार माणसांत काय तोंड दाखवायचं? लोक म्हणतात, शिकलेली मुलगी, एकटी राहते, आणि भावाचं पोर जड झालं.

माझे डोळे माझ्या वयाचे आहेत. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, दोरा चांगला असला तर. प्रतापरावची परेड पुढे ढकलली गेली, शर्ट मात्र आणखी दोन डझन आले.

एक तारीख जवळ आली. शहाण्यासारखं वाग, आणि माझ्या मायेवर शंका घेऊ नकोस.

तुझी आत्या,
मंजुळा

*

इंदूर
२० मे २०२५

ती. मंजुळाआत्यास,

सविनय जयभीम. वि. वि.

नाव हवं होतं ना तुला? मी ते आधीच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता लिहिते. १८ फेब्रुवारी, मंगळवार, पावणेबारा. फोन तुझा होता.

विहारातल्या बायकांत वाद लागला होता की मी पाच वर्षांची असताना तू मला विणलेला स्वेटर मरून रंगाचा होता की तपकिरी, आणि निकाल माझ्याकडून हवा होता. मी म्हटलं आत्या, कामात आहे. तू म्हणालीस एक मिनिट. मग स्वेटरवरून लोकर निघाली, लोकरीवरून ते जुनं दुकान, दुकानावरून त्या दुकानदाराच्या सुनेचं बाळंतपण. वीस मिनिटं. मी फोन ठेवला नाही, ती चूक माझी, आणि उजवा मी टाइप केलं, तीही माझीच. मी तुला दोष देत नाही. पण तूच ती शहाणी बाई शोधायला निघालीस म्हणून सांगावं लागलं.

पंचशील सात दिवस माझ्या उशाशी बसला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. उद्या तो आजारी पडला तर मी कंप्यूटर बंद करून चौदा दिवस बसेन. पण ते आजारपण होतं. हे वर्ष आहे. तो आपली फॅक्टरी एक वर्ष कुणाला देईल का? धम्मदीना बँकेच्या काउंटरवर देवांशला रिळं खेळायला बसवेल का? मग माझंच टेबल का? कारण त्यांच्या कामाला गेट आहे आणि गेटवर वॉचमन आहे. माझ्या कामाला फक्त माझा शब्द आहे, आणि तो शब्द घरातली माणसं मानत नाहीत. आत्या, मी हे काम तीन वर्षं धडपडून उभं केलं. कुणी साहेब नाही, कुणी रजा देत नाही, कुणी माझ्या वतीने नाही म्हणत नाही. मलाच म्हणावं लागतं. तेव्हा चार माणसांना खुशाल सांग की माझी भाची वाईट आहे. मी वाईट व्हायला तयार आहे. निष्काळजी व्हायला नाही.

आणि तुला देवांशचा एवढा पुळका आहे तर तूच सांभाळ ना त्याला. तू तर दिवसभर घरीच असतेस.

रागात लिहिलंय, पण खोटं नाही लिहिलं. जशी आहे तशी पदरात घे.

तुझी,
संबोधी

*

इंदूर
रविवार, १ जून

प्रिय संबोधी,

जयभीम. तुझा फोन रविवारी पण बंद, आणि तू घरी नाहीस, म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवतोय. देवांश सोबत आहे, त्याने तुझ्या पार्सलच्या पाटीवर पेनने हत्ती काढलाय, माफ कर.

भिडू, तुझा आयडिया एकदम सही निघाला. गेल्या रविवारी महूला गेलो होतो. आत्याने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि आत गेली. मी वाचलं. आधी राग आला, खोटं कशाला बोलू, पण शेवटचं वाचून डोक्यात बत्ती पेटली. खरंच की, आत्या घरीच तर असते! आपल्याला सुचलंच नाही. उद्यापासून देवांश सोमवार ते शुक्रवार महूला राहील, शनिवार-रविवार इकडे. आत्या हो म्हणाली नाही, पण नाही पण म्हणाली नाही. धम्मदीना खूश आहे. तू पण आता टेन्शन नको घेऊ, मनापासून काम कर.

राग सोड आणि रविवारी जेवायला ये.

तुझा दादा,
पंचशील

*

महू
१२ जून २०२५

चि. संबोधीस,

सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. वेळ नव्हता असं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

आधी माझी चूक. तो फोन मी केला होता, आणि स्वेटर कुठल्याही रंगाचा असला तरी काय फरक पडणार होता? त्या मुलीचा चांगला पाय कापायची वेळ आली असती माझ्या वटवटीपायी. मला माफ कर. विहारातल्या बायकांना पण मी हे सांगितलं, सगळ्यांसमोर, लपवलं नाही.

आता तुझी चूक. तू तर दिवसभर घरीच असतेस, असं तू मला लिहिलंस. तू, संबोधी. मनोरमाने लिहिलं असतं तर मी त्या कागदावर भाजी निवडली असती. हे गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. एकेचाळीस वर्षं मी या मशीनवर बसते आहे. महूच्या छावणीतून कितीतरी पोरं माझ्या हातच्या फिती दंडावर लावून सरहद्दीवर गेली. कुणाच्या फितीचा टाका परेडीत उसवला असं एकाने येऊन सांगितलेलं नाही. आणि ज्या भाचीला मी या मशीनवर कॉलेजात घातलं, तिला ती मशीन दिसलीच नाही. मी पत्र वाचलं आणि दिवसभर शिवलं नाही. पहिल्यांदाच.

खरी गंमत पुढे आहे. मला सर्वांत जास्त राग तुझा आला नाही, माझा आला. कारण मागच्या पत्रात मीच मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तुम्हाला मशीनच्या पायाशी बसवून शिवलं, कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडत होतं गं. तुम्ही झोपल्यावर मी उसवून पुन्हा शिवायची. ते मी कुणाला सांगितलं नाही, आणि मग स्वतःही विसरले.

दोन तारखेला, सोमवारी, पंचशील देवांशला सोडून गेला. पोर गोड आहे, तक्रार त्याची नाही. पण त्याला मशीनचं चाक फिरवायचं असतं, सुई बघायची असते. त्याचं बोट सुईखाली जाईल या धाकाने माझा जीव अर्धा तिकडे. शुक्रवारी प्रतापराव शर्ट घेऊन परत आला. एकाच नायकाच्या दोन शर्टांपैकी एकावर मी दोन फिती लावल्या होत्या आणि दुसऱ्यावर तीन. सोमवारी नायक, मंगळवारी हवालदार! एकेचाळीस वर्षांत मी कुणाला बढती दिली नव्हती. तो नायक हसला म्हणे, पण प्रतापराव हसला नाही. म्हणाला, मंजुळाबाई, अब उमर हो गई, आप तो आराम करो. त्याने बाकीचे शर्ट उचलले आणि दुसरीकडे द्यायला निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, सोमवारी संध्याकाळपर्यंत वेळ दे, एक टाका इकडचा तिकडे झाला तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. देतो म्हणाला, पण तोंड वाकडं करून.

तेव्हा मला तुझं दार कळलं.

रविवारी पंचशीलला मी सांगितलं की उद्यापासून दहा ते पाच देवांश माझ्याकडे नाही. तो हसला. त्याला वाटलं आत्या चेष्टा करते. सोमवारी तो दहा वाजून दहा मिनिटांनी आला, बायपासवर तासभर अडकला होता. तोवर मी आतून कडी लावून मशीनवर बसले होते. त्याने कडी वाजवली, मग हाका मारल्या, मग खिडकीत आला. म्हणाला आत्या, मेरी शिफ्ट है, खोलो ना. मी मशीन न थांबवता सांगितलं की माझीपण आहे. गल्ली गोळा झाली. समोरची म्हणाली बुढ़िया सठिया गई. सठियाले तर सठियाले. पंचशीलने फॅक्टरीत फोन लावला आणि मुलासाठी जन्मात पहिल्यांदा रजा मागितली. ती मागताना त्याचा आवाज कसा झाला होता, ते मी खिडकीतून ऐकलं. वाईट वाटलं मला. तरी कडी काढली नाही.

पंचशील देवांशला मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला, तोवर तुझे बाबा बाकावरून आले. साडेबारा वाजले होते, त्यांना जेवण हवं होतं. मी खिडकीतूनच म्हटलं, रत्नपाल, जेवण सकाळी करून तुझ्याकडच्या ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे, नातवालाही वाढ. आणि एक सांग, आपल्या घरात खरंच दिवसभर घरी कोण असतं? मी कामावर असते. संबोधी कामावर असते. पंचशील, धम्मदीना कामावर. चौदा वर्षांपासून रिटायर तू आहेस. तुझ्याकडे आजवर कुणी पोर का आणलं नाही?

संबोधी, पंचशील आपल्या बापाकडे असा बघायला लागला, जसा काही पहिल्यांदाच बघतोय. बाबा म्हणाले, मी? मी काय पोरं सांभाळू, मी हवालदार माणूस. मी म्हटलं, तीस-तीस रंगरूट सरळ केलेस, हे एक सरळ कर.

आज चौथा दिवस. देवांश बाकावर पेन्शनरांत बसतो आणि देश चालवतो. दाहिने मुड, बाएं मुड शिकलाय. काल बाबांनी त्याला न्हाऊ घातलं, साबण डोळ्यांत गेला, दोघंही रडकुंडीला आले, पण मला हाक मारली नाही. प्रतापरावचे शर्ट सोमवारी संध्याकाळी गेले. तो नंतर आला तो नवा गठ्ठा घेऊनच आला आणि उमरीबद्दल काही बोलला नाही.

आता तू माझी माफी मागायची आहेस. मागितलीस की मी लगेच देणार नाही, दोन दिवस लावीन.

रागावलेली, पण तुझीच,
आत्या मंजुळा

*

इंदूर
१७ जून २०२५

ती. मंजुळाआत्यास,

सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दोनदा रडले आणि दोनदा हसले, आणि खिडकीतून बोलणारी तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस.

आत्या, मी चुकले. यावर सबब नाही. सगळ्या इंदूरला सांगत फिरले की घरात असणं म्हणजे रिकामं असणं नव्हे, आणि ते वाक्य उचलून तुझ्याच तोंडावर फेकलं. मला ते लिहिताना काही खटकलंही नाही, याची मला जास्त लाज वाटते. लहानपणी झोप लागायची ती तुझ्या मशीनच्या आवाजात. मला तो घराचा आवाज वाटायचा. तू काम करतेस असं कधी वाटलंच नाही. दोन दिवस नाही, वीस दिवस लाव माफीला, मी थांबेन.

आणि बाबा! पंचशीलला बाबा सुचले नाहीत, ठीक. धम्मदीनेला बोलायची सोय नव्हती, तेही ठीक. पण मला का सुचले नाहीत गं? मीपण रांगेत बायकाच बघत होते. आधी मी, मी नाही तर तू. काल पंचशीलचा फोन आला, सहा वाजता, घड्याळ बघून केलेला. म्हणाला की फॅक्टरीत रजा मागताना घाम फुटला आणि तेव्हा कळलं की मी नाही कशी म्हणाले असेन.  देवांश महूहून आल्यावर त्यालाच सावधान उभं करतो म्हणे.

इकडची बातमी चांगली आहे. डॉ. अरुंधतींनी जूनअखेरची वाट न बघता माझे कागद तपासणं थांबवलं. म्हणाल्या की आता गरज नाही. वर मेंदूचे रिपोर्टही मलाच द्यायचं म्हणतात. ते किचकट असतं, पण मी हो म्हटलं. मनोरमाकाकू अजून बोलत नाहीत. त्यांचा सिलेंडर आता त्यांचे साहेब उतरवून घेतात, सकाळी, हाफ पँटमध्ये.

पुढच्या बुधवारी, २५ तारखेला, दवाखान्यात नवं मशीन बसतंय, त्यामुळे मला सुट्टी. मी सकाळची गाडी धरते आणि बारापर्यंत महूला पोहोचते. येताना कचोरी आणते. दुपारभर तुझ्याजवळ मशीनपाशी बसेन, पोटभर गप्पा मारू, आणि समोरासमोर माफी मागेन. किती महिने झाले तुझा चेहरा बघून.

दार उघडशील ना? माया आटू देऊ नकोस.

तुझी,
संबोधी

*

महू
२० जून २०२५

चि. संबोधीस,

सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

पत्र पोहोचलं. मेंदूच्या कागदांचं वाचून छाती फुगली, बाबांनी बाकावर सगळ्यांना सांगितलं. माफी दिली. दोन दिवस लावणार होते, एकच लावला.

बुधवारी येतेस हे वाचून फार आनंद झाला. पण बाराला येऊ नकोस. त्या आठवड्यात चार डझन शर्ट आहेत आणि मी कामावर असते. आलीस तरी बाबांकडे बस, देवांशशी खेळ, कचोरी गरम करून खा. खिडकीत येऊन हाका मारू नकोस, मी ओ देणार नाही.

पाचला कडी काढते. मग ये.

जवळ बसवून घ्यायला आतुर,
तुझी आत्या,
मंजुळा